गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायचंय? आधी ब्रेककडे बघा

"शोरूममध्ये २१ सांगितलं होतं, मला १३ पडतंय, गाडीत काही फॉल्ट असेल का?" नवीन जुनी कुठलीही गाडी असो, हा प्रश्न येतोच. बहुतेक वेळा गाडीत मोठा फॉल्ट नसतो. शोरूमवाला जो आकडा सांगतो तो टेस्टचा असतो, म्हणजे आपल्या पुण्यातल्या टेकडीवरच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेसारख्या ठिकाणी गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या वेगाने, जास्तीत जास्त ९० पर्यंत पळवून काढलेला. तिथे सिंहगड रोडचं ट्रॅफिक नाही, एसी नाही, डिकीत सामान नाही. त्यामुळे तो आकडा दुसऱ्या गाडीशी तुलना करायला ठीक आहे, पण आपल्याला रोज तेवढा पडेल ही अपेक्षा सोडून द्या. आपल्या गाडीचं आत्ताचं अ‍ॅव्हरेज किती आणि ते किती वाढू शकतं एवढंच बघायचं.

त्यासाठी आधी नीट मोजा. डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजाला बरा असतो पण त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा ऑटो कट झालं की थांबा, पंपावरचा मुलगा राऊंड फिगर करायला अजून टाकायला लागला तर नको म्हणा, ट्रिप मीटर झिरो करा. मग ३००-४०० किलोमीटर चालवून त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, परत ऑटो कटपर्यंत भरा. चाललेले किलोमीटर भागिले या वेळी भरलेले लिटर. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, तीन टाक्यांची सरासरी धरा, कारण एक लग्न किंवा एक पावसाळी ट्रॅफिक जाम सगळा हिशोब फिरवतो.

आता मुख्य मुद्दा, आणि माझं यावर अगदी ठाम मत आहे. आपण अ‍ॅव्हरेज म्हटलं की अ‍ॅक्सिलरेटरबद्दलच बोलतो, पण पेट्रोल वाया जातं ते ब्रेकमध्ये. गाडीला ६० चा वेग दिला तो पेट्रोल जाळूनच दिला ना, मग पुढे सिग्नल लाल दिसत असतानाही शेवटपर्यंत रेस देत गेलो आणि कचकन ब्रेक मारला की ते सगळं पेट्रोल ब्रेक पॅडमध्ये गरम होऊन हवेत गेलं. तेच सिग्नल १५० मीटरवर लाल दिसला तेव्हाच पाय काढला असता तर गाडी आपोआप तिथपर्यंत घरंगळत गेली असती, कदाचित पोचेपर्यंत हिरवा पण झाला असता आणि दुसऱ्या गिअरवरच पुढे निघालो असतो. शून्यापासून गाडी उचलणं सगळ्यात महाग. म्हणून पुढच्या गाडीच्या बंपरकडे न बघता तिच्याही पुढच्या दोन-तीन गाड्यांकडे बघायची सवय लावा, अंतर ठेवा, स्पीडब्रेकर कुठे आहेत ते रोजच्या रस्त्यावर पाठच असतं, तिथे आधीच पाय सोडा. आठवडाभर घरून ऑफिसला जाताना किती वेळा ब्रेक दाबला ते मनात मोजून बघा, मोजायला लागलं की तो आकडा आपोआप कमी होतो.

इथे एक गैरसमज दूर करायलाच हवा कारण त्यात जीव जाऊ शकतो. उतारावर न्यूट्रल करायचं. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना कितीतरी लोक अजून हे करतात, काही जण तर इंजिनच बंद करतात, पेट्रोल वाचतं म्हणून. आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर पेट्रोल टाकायचंच थांबवतो, चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रल केलं की उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं! म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जळतं, वर इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार पायाच्या ब्रेकवर आला, ते तापले की पकड जाते. इंजिन बंद केलं तर पॉवर स्टिअरिंग पण गेलं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक पेडल दगडासारखं कडक होतं. घाट ज्या गिअरमध्ये चढतो साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचा, पेट्रोल पण तसंच वाचतं.

हायवेचा हिशोब वेगळा आहे. तिथे ब्रेक कमी, तिथे पेट्रोल खाते ती हवा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ८० चे १०० केले तर वेग सव्वापट पण अडथळा दीडपटीच्या वर. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर आहे, कागदावर सगळा १०० ने गेलात तर ५७ मिनिटं, ८० ने गेलात तर ७१, फरक १४ मिनिटांचा, आणि प्रत्यक्षात घाटात दोघेही त्याच ट्रकच्या मागे असतात. मी ८०-८५ ला वरच्या गिअरमध्ये गाडी एकसारखी ठेवतो, मधल्या लेनमधून. छतावरचं कॅरिअर वापरात नसेल तर काढून ठेवा, रिकामं असलं तरी ते हवा अडवतं. एसी की खिडक्या यावर घरात वाद नको, शहरात हळू चालवताना आणि हवा बरी असताना खिडक्या उघडा, हायवेवर काचा बंद करून एसी लावा.

थांबलेली गाडी शून्य अ‍ॅव्हरेज देते. छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी तासाला अर्धा-पाऊण लिटर जातं, एसी असेल तर त्याहून जास्त. सिग्नलचा काउंटर ३० च्या वर दिसला की बंद करा, शाळेबाहेर पोरांची वाट बघताना तर नक्कीच. सकाळी पाच-पाच मिनिटं गाडी गरम करत ठेवायचीही गरज नाही, स्टार्ट करून बेल्ट लावेपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढा पुरे, मग पहिले दोन किलोमीटर हळू चालवा. थंड इंजिन जास्त पेट्रोल मागतं, म्हणून दूध, भाजी, बँक अशा तीन वेगळ्या चकरा मारण्यापेक्षा एकाच चकरेत उरका, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात चालत जा.

आता मेंटेनन्स. यात पहिलं आणि स्वस्तातलं काम म्हणजे हवा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर असतो, त्यावर पुढे किती मागे किती, माणसं भरलेली असतील तर किती, सगळं लिहिलेलं असतं. हवा भरणारा "किती मारू?" विचारतो तेव्हा अंदाजे ३० नका सांगू, स्टिकरवरचा आकडा सांगा. टायर थंड असताना, म्हणजे घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत तपासा, गाडी पळून तापली की आकडा वाढीव दिसतो आणि मग माणूस चांगली हवा काढून टाकतो. नायट्रोजनसाठी जादा पैसे द्यायची गरज मला वाटत नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, दर पंधरा दिवसांनी बघितलंत की झालं.

दुसरं, जे कोणी बघत नाही, ते म्हणजे अडकणारा ब्रेक. माझी गाडी एका पावसाळ्यानंतर १६ वरून एकदम साडेतेरावर आली. एका गॅरेजमध्ये प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केला, बरेच पैसे घेतले, अ‍ॅव्हरेज तेच. मग एके दिवशी घरी पोचल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला, तीन कोमट आणि मागचं डावं असं तापलेलं की हात जवळ धरवेना. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती, लिव्हर खाली केला तरी लायनर ड्रमला घासतच राहायचे. केबल बदलली आणि पुढच्या टाकीला परत १६ च्या जवळ. ही तपासणी फुकट आहे, दर महिन्याला करा. हात चाकाला लावू नका, फक्त जवळ न्या, खराब ब्रेकचं चाक खरंच भाजतं. सपाट जागेवर गाडी न्यूट्रलला टाकून एका माणसाने ढकलली की सहज हलते का तेही बघा.

बाकीचं पटकन सांगतो. ऑईल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच टाका, ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असताना "आपल्याकडे उकाडा आहे" म्हणून कोणी २०डब्ल्यू-५० टाकत असेल तर नको म्हणा, जाड ऑईल फिरवायला इंजिनला जास्त जोर लागतो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट करून घ्या. एअर फिल्टर चोंदला की इंजेक्शनच्या गाडीत पिकअप मरतो आणि आपण पाय जास्त दाबतो, जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीत मात्र थेट पेट्रोल वाढतं. पेट्रोलच्या पाइपला लावायचे मॅग्नेट आणि अ‍ॅव्हरेज वाढवणाऱ्या गोळ्या यावर एक रुपया घालवू नका.

बाइकवाल्यांनो, तुमची चेन बघा. कोरडी, धुळीने माखलेली, लोंबणारी चेन असेल तर निम्मं काम तिथेच आहे, साफ करून ल्यूब लावा आणि ढिलाई मॅन्युअलप्रमाणे ठेवा. डबल स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा, ते मोकळं फिरत राहिलं पाहिजे, लगेच थांबलं तर ब्रेक घासतोय. आणि उजवा पाय ब्रेक पेडलवर टेकवून चालवायची सवय असेल तर ती सोडा. कारवाल्यांची तीच सवय डाव्या पायाची, क्लचवर.

इ२० पेट्रोलबद्दल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल पण लोक विचारतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे जुन्या गाडीत अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या रिपोर्टमध्येच इ२० साठी न बनलेल्या चारचाकींना ६-७ टक्के आणि दुचाकींना ३-४ टक्के घट लिहिलेली आहे. ते आपल्या हातात नाही, पण गाडी १६ वरून १२ वर आली असेल तर सगळा दोष इथेनॉलला देऊन गप्प बसू नका, दुसरं काहीतरी आहे, शोधा.

महिन्याला हजार किलोमीटर होत असतील आणि १३ चे १६ झाले तर साधारण १४ लिटर वाचतात, म्हणजे आजच्या भावाने चौदाशेच्या वर. सगळं एकदम बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. या रविवारी सकाळी थंड टायरमध्ये हवा बघा, चाकांजवळ हात नेऊन बघा, टाकी फुल करा, ट्रिप झिरो करा, आणि सोमवारी पहिला लाल सिग्नल लांबून दिसला की तिथेच पाय उचला.