भिंतीवरच्या मेयरांच्या यादीवर विसंबू नका

कॅन्ससमधल्या आमच्या छोट्या गावात सिटी हॉलचं दार ढकललं की डाव्या भिंतीवर आजवरच्या मेयरांचे फोटो दिसतात. त्यात दोन चौकटी रिकाम्या. मी शनिवारी लायब्ररीत स्वयंसेवक म्हणून बसते. तिथे एकदा कुणीतरी म्हणालं, "ही यादी जरा नीट लावून देता का?" आठवडाभराचं काम असेल असं समजून मी हो म्हटलं आणि त्यात दोन हिवाळे गेले. अमेरिकेतल्या तुमच्या गावासाठी असं काही करायचं असेल, तर माझे काही हेलपाटे वाचवते.

पहिली गोष्ट, नावांना हात लावू नका. आधी गावाचा कारभार कोणत्या काळात कसा चालायचा ते काढा. 'मेयर' हा शब्द तोच राहतो, त्यामागचं पद मात्र बदलतं. १९०० च्या वादळात टेक्ससमधलं गॅल्व्हेस्टन उद्ध्वस्त झालं, त्यानंतर १९०१ पासून तिथे कमिशन पद्धत आली. एकेका कमिशनरकडे एकेक खातं आणि त्यांच्यातलाच एक जण मेयर. ही पद्धत पुढे बऱ्याच गावांनी उचलली. १९०८ मध्ये व्हर्जिनियातल्या स्टॉन्टनने पगारी मॅनेजर नेमला. मॅनेजरच्या पद्धतीत रोजचा कारभार तोच बघतो. अशा कित्येक गावांत कौन्सिल आपल्यातलाच एक मेयर निवडतं, काही ठिकाणी तर दरवर्षी नवा. तिथे वीस वर्षांत पंधरा नावं आली तर तुमचं काही चुकलेलं नसतं.

मग सिटी क्लार्कला, म्हणजे गावाच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, भेटा. फोन करण्यापेक्षा समोर जा. कौन्सिलच्या सभांच्या इतिवृत्तांच्या, म्हणजे मिनिट्सच्या, जुन्या वह्या बहुतेक तळघरात नाहीतर तिजोरीत असतात. त्या सार्वजनिक नोंदी आहेत, त्यामुळे बघायला मागण्यात संकोच नको. फक्त क्लार्कबाईंची बजेटची आणि निवडणुकीची धांदल टाळून जा. पेन्सिल न्या, शाईचं पेन पर्समध्येच राहू द्या.

माझी मोठी चूक याच वह्यांत झाली. सलग चौदा सभांखाली एकच सही होती, लांब शेपटीची, तपकिरी पडलेल्या शाईतली. मी बिनधास्त त्या गृहस्थांना मेयर करून टाकलं. महिन्याभराने भिंगाखाली पाहिलं तर सहीपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं, 'प्रेसिडेंट ऑफ कौन्सिल'. मेयर गैरहजर असले की सभा तो चालवतो आणि सहीही त्याचीच पडते. खरे मेयर तेव्हा आजारी होते. म्हणून सहीवरून मेयर ठरवू नका, शपथेची नोंद शोधा. निवडणुकीची तारीख आणि शपथेची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. कॅन्ससमध्ये हे फार नडतं. इथे गावच्या निवडणुका पूर्वी एप्रिलमध्ये व्हायच्या. २०१५ च्या कायद्याने त्या विषम वर्षांच्या नोव्हेंबरमध्ये गेल्या आणि २०१७ च्या वसंतात संपणारी मुदत जानेवारी २०१८ पर्यंत लांबली. हे माहीत नसेल तर कुणीतरी काही महिने बेकायदा खुर्चीवर बसल्यासारखं दिसतं.

वह्या जळाल्या, भिजल्या, हरवल्या असतील तर वर्तमानपत्रांकडे वळा. टोपेकाला राज्याच्या हिस्टॉरिकल सोसायटीकडे गावोगावच्या पेपरांचा मायक्रोफिल्मवर मोठा साठा आहे, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा जुन्या पेपरांचा ऑनलाइन संग्रह फुकट आहे. शोधताना नुसत्या आडनावावर भरवसा ठेवू नका. जुन्या छपाईत संगणक कुठलंही अक्षर कसंही वाचतो. निवडणुकीनंतरच्या दोन आठवड्यांचे अंक सरळ पानन्‌पान चाळा. मृत्युलेखात 'एकेकाळचे मेयर' असं आलं तर तो फक्त सुगावा समजा. मेलेल्या माणसाला बढती फार लवकर मिळते.

बायकांसाठी तर वेगळंच शोधावं लागतं, कारण जुन्या छापील मजकुरात त्या बऱ्याचदा नवऱ्याच्या नावाने येतात. अर्गोनियाचं उदाहरण घ्या. कॅन्ससमधलंच, आजही पाचशेच्या आसपास वस्तीचं गाव. १८८७ मध्ये राज्यात बायकांना नगराच्या निवडणुकीत मताचा हक्क मिळाला आणि त्याच वर्षी ४ एप्रिलला तिथे मतदान झालं. दारूबंदीवाल्या बायकांची जिरवायची म्हणून काही पुरुषांनी मेयरपदासाठी सुझॅना सॉल्टर यांचं नाव घुसडलं. उमेदवार आधी जाहीर करायची सक्ती नव्हती, त्यामुळे खुद्द बाईंना पत्ताच नाही. मतदानाच्या दिवशी रिपब्लिकन मंडळी दारात आली तेव्हा त्या कपडे धूत होत्या. निवडून आलात तर काम कराल का, असं त्यांनी विचारलं. बाई हो म्हणाल्या आणि दोन-तृतीयांश मतांनी निवडून आल्या. वय २७, वर्षाचा मेहनताना एक डॉलर. देशातल्या पहिल्या महिला मेयर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पुढच्याच वर्षी कॅन्ससमधल्याच ऑस्कालूसात महिला मेयर आणि सगळं कौन्सिल बायकांचं, असं झालं.

यादी करणाऱ्याच्या कामाचा भाग आता येतो. अर्गोनियाचे पहिले मेयर ऑलिव्हर किन्सी हे सुझॅनाबाईंचे वडील. नुसत्या यादीत किन्सी आणि सॉल्टर ही दोन अनोळखी आडनावं दिसतात. म्हणून मी नात्यासाठी एक रकाना ठेवते. आमच्या गावात त्या रकान्यामुळे तीन मेयर एकाच घरातले निघाले, आणि त्यातल्या एका बाईंची नात दर शनिवारी माझ्याच टेबलाशी पुस्तकं परत करायला येते.

प्रत्येक नावापुढे कुठल्या वहीचं कितवं पान ते लिहा. जिथे पुरावा नाही तिथे अंदाजाने वर्ष भरू नका, जागा मोकळी सोडा. यादीच्या दोन छापील प्रती करा, एक क्लार्ककडे, एक लायब्ररीत. आमच्या दोन रिकाम्या चौकटींपैकी एकीत आता फोटो आहे, नातीनेच आणून दिला. दुसरीत मी एक कागद लावलाय: 'शपथेची नोंद आहे, छायाचित्र हवे आहे.'