शेतवाटेने जावे, किनाऱ्याने परतावे : गोल फेरी आखायची कशी?

आलेल्या वाटेने परत न जाता फिरून सुरुवातीच्या जागी पोचणे, यातली मजा वेगळीच. अर्धी वाट शेतांतून, झाडीतून आणि उरलेली समुद्राकाठाने असेल तर दोन वेगळी जगे एका दिवसात पाहून होतात. मात्र अशी फेरी नकाशावरून आखायला घेऊ नका, ओहोटीच्या वेळेपासून सुरुवात करा.

जवळच्या बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी काढा. या वेळा रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकतात, म्हणून मागच्या आठवड्याची वेळ आज कामाची नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी जास्त खाली उतरते, तसेच जास्त वरही चढते, आणि कड्याखालची वाट पार बुडू शकते. नवख्याने अष्टमीच्या सुमाराचा, भांगाचा म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असलेला दिवस निवडावा.

आता उलटा हिशेब करा. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी वाळूवर उतरायचे आणि ओहोटीनंतर तासाभरात वर चढायचे. पाणी सर्वांत वेगाने चढते ते भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात, तोवर आपण खाली नकोच. ओहोटी दुपारी असेल तर सकाळी शेतवाट आधी, सकाळी असेल तर किनारा आधी.

चालायला वेळ किती लागेल? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये दिलेला नियम आजही वापरतात : दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे 10 किलोमीटर आणि 300 मीटर चढ असेल तर अडीच तास. पण हा न थांबता चालणाऱ्याचा हिशेब झाला. पक्षी बघत जाणाऱ्याने चार तास धरावेत. मऊ वाळू पाय खाते, म्हणून पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट वाळूवरून चाला.

नकाशावर किनाऱ्यावरून वर चढणाऱ्या सगळ्या वाटांवर खुणा करा आणि नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. वाटेत ओढ्याचे मुख असेल तर विशेष जपा. ओहोटीला घोटाभर असलेले पाणी भरतीत छातीपर्यंत येऊ शकते. कड्याच्या अगदी कडेला उभे राहू नका, कारण खालची माती लाटांनी पोखरलेली असू शकते. कड्याच्या पायथ्याशी विसावाही नको, वरून दगड सुटतात.

पक्ष्यांसाठी 8×42 ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि 42 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते. सूर्य पाठीशी ठेवा, नाहीतर तुतवार काय नि चिखल्या काय, सगळे काळे ठिपकेच दिसतील. चिखल्याची अंडी हुबेहूब खड्यांसारखी दिसतात, तेव्हा विणीच्या दिवसांत भरतीरेषेच्या वरच्या खड्यांवर पाय टाकू नका. एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे चालला तर त्याच्या मागे जाऊ नका. घरटे जवळच आहे आणि तो तुम्हाला तिथून दूर नेतो आहे. आल्या पावली मागे फिरा.

वाळूवरून वर आलात की लगेच निघू नका. ओहोटीत दूरवर चरणारे थवे चढत्या पाण्याबरोबर किनाऱ्याकडे ढकलले जातात, आणि उंचावर शांत बसलेल्या माणसाच्या बरेच जवळ येतात. माझ्या मते फेरीतला सर्वांत सुंदर अर्धा तास हाच. मावळतीला किती वेळ उरला हे बघायचे तर हात सरळ धरून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये बोटे मोजा : एका बोटाला साधारण पंधरा मिनिटे. चार बोटे उरली की उठा.