इंग्लंडमध्ये शिकायला जाताय? पहिले काही महिने असे आखा

इंग्लंडमध्ये पहिल्यांदा आलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याला देश थंड वाटतो, महाग वाटतो, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला दुकानं बंद झाली की ओकाबोका वाटतो. थंडीला इलाज नाही. बाकीचं मात्र बरंचसं आपल्या हातात असतं, कारण आयत्या वेळी ठरवणाऱ्याला हा देश महाग पडतो आणि आधी ठरवणाऱ्याला बराच परवडतो. आपण सकाळी उठून एसटी स्टँडवर जातो, ताप आला की डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसतो, रात्री नऊला कोथिंबीर आणतो. इंग्लंडमध्ये यातलं प्रत्येक काम आधी ठरवून ठेवावं लागतं. मी लीड्समध्ये शिकलो, त्यामुळे उदाहरणं उत्तर इंग्लंडची जास्त आहेत. कामांचा क्रम मात्र कुठल्याही शहरात हाच राहील.

बॅग भरताना

तूप, पेढे, बर्फी, खवा घेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे, आणि ते विमानतळावर काढून घेतले जातात. ताजी भाजी, कढीपत्ता हेही घरीच ठेवा. गोडा मसाला, मेतकूट आणि नीट बंद केलेलं लोणचं मात्र जरूर न्या. डाळी-तांदूळ तिकडे सगळीकडे मिळतात, गोडा मसाला सहसा मिळत नाही.

विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, पण पिन वेगळी असते, म्हणून दोन अडॅप्टर घ्या. हॉलमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहात, गॅसची शेगडी क्वचितच असते. तेव्हा इंडक्शन आहे का, हे ई-मेलने विचारून मगच कुकर घ्या. दातांचं काही काम राहिलं असेल तर ते इथेच उरकून निघा. तिकडे सरकारी सेवेतला दंतवैद्य मिळणं अवघड आणि खासगी फार महाग. चष्म्याची दुसरी जोडीही इथेच करून घ्या. जाड कोट मात्र तिकडे घेतलेला बरा. ऑक्सफॅमसारख्या चॅरिटी शॉपमध्ये चांगले वापरलेले कोट कमी किमतीत मिळतात.

व्हिसा आता ई-व्हिसाच्या रूपात असतो. त्याचं ऑनलाइन खातं निघण्याआधीच उघडून त्याला पासपोर्ट जोडून घ्या. घरमालक, नोकरी देणारा, असे सगळे पुढे त्यातूनच निघणारा शेअर कोड, म्हणजे तुमचा व्हिसा तपासायचा क्रमांक, मागतात.

विमानतळावरून

हीथ्रोहून लंडनमध्ये यायला रेल्वेचे तीन मार्ग आहेत. हीथ्रो एक्स्प्रेस सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात महाग, पिकॅडिली लाइन सगळ्यात स्वस्त आणि संथ, एलिझाबेथ लाइन या दोन्हींच्या मधली. लीड्स, यॉर्क किंवा न्यूकॅसलला जायचं असेल तर पिकॅडिली सोयीची, कारण ती थेट किंग्ज क्रॉसला नेते आणि उत्तरेच्या गाड्या तिथूनच सुटतात. भूमिगत रेल्वेत शिरताना आणि बाहेर पडताना बँकेचं एकच कार्ड टेकवा. बाहेर पडताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. त्याहून सोपा उपाय म्हणजे विमानाचं तिकीटच मँचेस्टरचं काढणं. तिथल्या विमानतळावरून लीड्सला थेट गाडी आहे.

किंग्ज क्रॉसला गाडीला वेळ असेल तर शेजारच्या सेंट पँक्रसकडे नक्की बघा. त्या स्टेशनपुढची लाल विटांची टोकदार इमारत जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी रेखली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृहही त्यांचंच, आणि लीड्समधलं जुनं इन्फर्मरी रुग्णालयही. फोर्टात वावरलेल्या माणसाला त्या कमानी ओळखीच्या वाटतात. अगदी अनोळखी देशात पहिल्याच दिवशी असं काही दिसलं की फार बरं वाटतं.

पहिल्या आठवड्यातली कागदपत्रं

सगळ्यात आधी जीपीकडे, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी डॉक्टरांकडे, नाव नोंदवा. व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार तुम्ही भरलेलाच असतो, नोंदणीला वेगळे पैसे लागत नाहीत. ताप आल्यावर नोंदणीला धावलात तर भेटीची वेळ आणखी लांबते. पंचविशीच्या आतल्या नव्या विद्यार्थ्यांना मेंदूज्वराची लस मोफत मिळते, तीही त्याच वेळी विचारून घ्या. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर १११ आणि जीवावर बेतलं असेल तर ९९९ हे क्रमांक फोनमध्ये आजच टाका.

बँकेसाठी विद्यापीठाकडून पत्र घ्या. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना काउन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक पालिकेची घरपट्टी, माफ असतो, पण त्याचं प्रमाणपत्र विद्यापीठाकडून घेऊन काउन्सिलला कळवावं लागतं. मित्रांबरोबर खासगी घर घेत असाल तर अनामत रक्कम साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि घरमालकाने ती ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावी लागते. त्याची पावती मागा. आणि घर प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर पाहिल्याशिवाय कुणालाही पैसे पाठवू नका. या बाबतीत फसवले जाणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, आणि ते पैसे परत येत नाहीत.

फोडणी आणि फायर अलार्म

हॉलमध्ये आपल्या मुलांची पहिली फजिती बहुधा फोडणीने होते. तेल धुरावलं, मोहरी-मिरची तडतडली की अलार्म वाजतो, आणि सगळी इमारत रात्रीच्या कपड्यांत थंडीत उभी राहते. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारं आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये धूर ओळखणारं यंत्र असतं, म्हणून दार उघडं ठेवणं हीच मोठी चूक ठरते. आधी पंखा सुरू करा, खिडकी उघडा, दार बंद करा आणि तेल मध्यम आचेवरच तापवा. मिरची सगळ्यात शेवटी घाला. यंत्रावर पिशवी किंवा मोजा बांधायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. तो गुन्हा धरला जातो, आणि खरी आग लागली तर त्यात माणसं जातात.

बाजारहाटाला रविवारच्या वेळा लक्षात ठेवा. मोठ्या दुकानांना त्या दिवशी सहाच तास उघडं राहता येतं, त्यामुळे दुपारी चार-पाचला दारं लागतात. लीड्समध्ये असाल तर कर्कगेट मार्केटमध्ये भाजी घ्या. मार्क्स अँड स्पेन्सरची सुरुवात १८८४ मध्ये इथल्याच एका गाळ्यातून झाली. शेपू, मेथी, भेंडी हवी असेल तर लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड आणि लंडनमधलं वेम्बली, साउथॉल या जागा प्रसिद्ध आहेत.

फिरायला निघा, आणि लवकर निघा

पहिल्या महिन्यात अभ्यास अजून अंगावर आलेला नसतो आणि उजेडही असतो. हे दिवस खोलीत घालवू नका.

आधी रेलकार्ड काढा. १६ ते २५ वयासाठीचं कार्ड वर्षाला ३५ पौंडांना मिळतं आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट देतं. वय जास्त असलं तरी पूर्णवेळ शिकत असाल तर हेच कार्ड मिळतं. लांबच्या दोनेक प्रवासांत त्याची किंमत वसूल होते. मग तिकिटांचे प्रकार समजून घ्या. अॅडव्हान्स तिकीट सगळ्यात स्वस्त, साधारण बारा आठवडे आधी खुलं होतं, आणि त्याच गाडीला चालतं. गाडी चुकली तर तिकीट वाया. ऑफ-पीक गर्दीची वेळ सोडून चालतं. एनीटाइम कधीही चालतं आणि खिसा रिकामा करतं. एकाच मार्गावर या तिन्हींत दुप्पट-तिप्पट फरक पडू शकतो. तिकीट रेल्वे कंपनीच्याच संकेतस्थळावर काढा, म्हणजे वरचं शुल्क लागत नाही. तिकीट नसताना गाडीत बसलात तर १०० पौंड दंड आणि वर भाडं, आणि सूट घेतली असेल तर रेलकार्डही दाखवावं लागतं. गाडीला फार उशीर झाला तर भरपाई मागता येते. तो अर्ज करायचा आळस करू नका. रविवारी रुळांची कामं चालतात आणि गाडीऐवजी बस देतात, म्हणून जमेल तेव्हा शनिवार धरा. साध्या बसचं एकेरी भाडं बहुतेक ठिकाणी ३ पौंडांच्या वर जात नाही, आणि कोच, म्हणजे लांब पल्ल्याच्या बस, रेल्वेहून स्वस्त असतात.

जायचं कुठे? लंडन सगळेच बघतात, पण माझं मत विचाराल तर सेटल-कार्लाइल मार्गाने एकदा तरी जा. लीड्सहून थेट गाडी आहे. १८७६ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झालेला हा मार्ग ब्रिटिश रेल ही तेव्हाची सरकारी रेल्वे बंद करायला निघाली होती, लोकांनी नेट लावून विरोध केला आणि १९८९ मध्ये तो वाचला. रिबलहेडला २४ कमानींच्या पुलावरून गाडी जाते तेव्हा दोन्ही बाजूंना झाड नसलेले डोंगर, मेंढ्या आणि चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती दिसतात. सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना हे उघडे डोंगर आधी रुक्ष वाटतात, मग हळूहळू त्यांची ओढ लागते. जवळचं हवं असेल तर सॉल्टेअर हे गिरणी कामगारांसाठी वसवलेलं गाव बघा. गिरणगावाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला तिथे पाहण्यासारखं पुष्कळ आहे. यॉर्कचं नॅशनल रेल्वे म्युझियम आणि लंडनमधली बहुतेक मोठी संग्रहालयं मोफत आहेत.

लंडनला गेलात तर चॉक फार्म स्टेशनजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरी जाऊन या. १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेऊन स्मारक केलं. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं. गणपतीच्या दिवसांत पोचत असाल तर त्यांचे कार्यक्रम आधीच बघून ठेवा.

ऑक्टोबरनंतर

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. भारताशी साडेचार तासांचं अंतर साडेपाच होतं, तेव्हा घरच्या फोनची वेळ बदला. डिसेंबरात लीड्सला पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. याचा मनावर फार परिणाम होतो, आणि तो आपल्याला होणार नाही असं कुणी समजू नये. रोज दुपारच्या उजेडात अर्धा तास चाला. तिथली आरोग्य सेवा हिवाळ्यात ड जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्यायला सांगते, आणि आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांना वर्षभर. ती घ्या. झोप, भूक बिघडली तर विद्यापीठाच्या समुपदेशकांची वेळ घ्या. त्यांच्याकडेही रांग असते, म्हणून वाट बघत बसू नका.

नाताळची तयारी डिसेंबरच्या सुरुवातीलाच करा. २५ तारखेला रेल्वे बंद असते, लंडनच्या बस आणि भूमिगत गाड्याही बंद, आणि जवळजवळ सगळी दुकानंही. हॉल रिकामा होतो. मागे कोण कोण राहणार आहे ते विचारून एकत्र जेवणाचं ठरवा आणि शिधा २४ च्या दुपारपर्यंत भरा. २६ तारखेलाही बऱ्याच मार्गांवर गाड्या नसतात, म्हणून सुट्टीतला प्रवास २४ च्या आत उरका किंवा २७ नंतर ठेवा.