टायटॅनियम खडबडीत करायचं, पण बेतानं

उद्यमनगरात आमचा सगळा जन्म पार्ट गुळगुळीत करण्यात गेला. त्यामुळं दातांच्या इम्प्लांटच्या चाचणीसाठी चकत्या करायचं काम आलं, तेव्हा पोरांना पटेना. इथं फिनिश मुद्दाम मोडायचं, कारण हाडाला खडबडीत टायटॅनियमवर पकड चांगली मिळते.

आधी २५० ते ५०० मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड) दाण्यानं ब्लास्टिंग करा, म्हणजे हवेच्या दाबानं दाणा चकतीवर मारा. फौंड्रीच्या कास्टिंगवर वापरलेला दाणा अजिबात नको. लोखंडाचे कण टायटॅनियमात रुतून बसतात. दाब आणि अंतर टाकाऊ तुकड्यांवर ठरवा.

मग हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या गरम मिश्रणात एचिंग, म्हणजे आम्लानं पृष्ठभाग थोडा खाऊ द्यायचा. मिश्रण करताना पाण्यात आम्ल ओतायचं, उलटं कधीच नाही. धूर ओढणारा हूड नसेल तर हे काम घेऊच नका. ब्लास्टिंगचे खड्डे मोठे, आम्लाचे त्यांच्या आत बारीक, दोन्ही लागतात. मोजताना आरए, म्हणजे पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा, १ ते २ मायक्रॉनच्या दरम्यान ठेवा. त्याहून जास्त खरबरीत केलं म्हणून हाड जास्त धरत नाही, हे गिऱ्हाइकालाही सांगावं लागतं.

शेवटी अल्ट्रासॉनिक बाथमध्ये डिस्टिल्ड वॉटरनं धुवा. नंतर उघड्या हातानं शिवलात, तर परत धुवायला टाका.