बाल्समरूट ओळखायला जाताय? मग ही तयारी करून निघा

आधी तारीख ठरवा. अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या वरच्या कोरड्या टेकड्यांवर अ‍ॅरोलीफ बाल्समरूट हे पिवळं रानफूल साधारण एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत फुललेलं असतं, त्यानंतर जाणार असाल तर शहरालगतच्या वासाच डोंगरात अजून वर चढायला लागेल कारण उंचीवर बहर उशिरा येतो, आणि जुलैत खालीच फिरलात तर नुसती वाळून करकरीत झालेली पानं दिसतील.

बॅगेत 10 पटीचं भिंग, छोटी पट्टी, वही-पेन आणि वाटतं त्यापेक्षा जास्त पाणी. मॅप घरूनच डाउनलोड करा, कॅन्यनमध्ये (डोंगरातल्या खोल दरीत) शिरलं की बऱ्याच ठिकाणी रेंज जाते. बिग आणि लिटल कॉटनवुड कॅन्यनमध्ये कुत्रा न्यायला परवानगी नाही, तिथून शहराचं पिण्याचं पाणी येतं.

पण खरी तयारी नजरेची हो. सगळे जण फक्त फुलाचा फोटो काढतात आणि फूल बघून इथे काही ठरत नाही, कारण सूर्यफुलाच्याच कुळातलं म्यूल्स इअर्सही याच उतारांवर, याच दिवसांत, तसंच पिवळंधमक फुलतं. म्हणून आधी खाली वाकायचं आणि पान बघायचं. बाल्समरूटचं पान जमिनीलगतच्या झुपक्यातून लांब देठावर येतं, वीतभर किंवा त्याहून मोठं, बुडाशी बाणाच्या टोकासारखे दोन कान काढलेलं, आणि कोवळं असताना बारीक लवेमुळे राखाडी-रुपेरी दिसतं, बोट फिरवलं तर फलालीसारखं मऊ लागतं. म्यूल्स इअर्सचं पान हिरवंगार, गुळगुळीत, वार्निश मारल्यासारखं चकचकीत असतं आणि बुडाशी कान नसतात. मग फुलाचा दांडा बघा, बाल्समरूटच्या दांड्यावर पानं जवळजवळ नसतातच, असली तर एखाददोन चिमुकली, आणि टोकाला बहुतेक एकच फूल. फूल उलटं करून (तोडून नाही!) मागची हिरवी छदं (पाकळ्यांखालची छोटी पानं) भिंगातून बघा, त्यांच्यावर पांढरी लोकर दाट दिसली की शंका उरत नाही. पान बाणाचं नसून पिसासारखं चिरलेलं दिसलं तर ती बाल्समरूटचीच दुसरी जात, उदाहरणार्थ हूकर्स बाल्समरूट.

फोटो पाच तरी हवेत: फूल समोरून, मागून, पान दोन्ही बाजूंनी, अख्खं झाड. वहीत तारीख, उंची आणि उतार कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते लिहाच.

खुरपं मात्र घरीच ठेवा. याचं सोटमूळ अडीच मीटरपर्यंत खोल जातं, रोपाला पहिलं फूल यायलाच कित्येक वर्षं लागतात आणि उपटून अंगणात लावलं तर ते सहसा जगत नाही. शोशोन, नेझ पर्स या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांचं हे पिढ्यान्पिढ्यांचं अन्न, मूळ, कोवळे कोंब, बिया सगळंच खायचे, त्यामुळे थोडा मान राखून वागा.

आणि हो, फुल पँट, ती मोज्यात खोचलेली, कारण याच दिवसांत गवतात गोचीड असतात. परत आल्यावर गाडीत बसायच्या आधी गुडघ्यामागे, कानामागे, केसांत नीट तपासा, पोरांना तर नक्कीच.