आईवडील नर्सिंग होममध्ये असतील तर त्यांचे हक्क कसे सांभाळायचे

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. नर्सिंग होममध्ये नाव घातलं म्हणजे माणसाचे हक्क गेटवर जमा होत नाहीत. सकाळी कधी उठायचं, काय घालायचं, कोणाला भेटायचं, कुठलं औषध नको म्हणायचं, हे सगळं आईचं किंवा बाबांचंच असतं, मॅनेजरचं नाही आणि खरं सांगायचं तर आपलंही नाही. गडबड अशी होते की तिथे पेशंट भरपूर आणि हात कमी, मग सगळं रुटीनवर चालतं आणि रुटीन आपोआप स्टाफच्या सोयीने बनत जातं, आणि त्यात बहुतेक वेळा कोणी दुष्ट वगैरे नसतं. म्हणून काहीही खटकलं की पहिला प्रश्न हा, हे नेमकं कोणाच्या सोयीसाठी चाललंय? उत्तर ‘आईच्या’ असं येत नसेल तर बोलायची वेळ झाली.

सुरुवात अ‍ॅडमिशनच्या कागदांपासून. त्या दिवशी आपण थकलेलो असतो, हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळालेला असतो, समोर वीसेक पानं ठेवतात आणि ‘इथे, इथे आणि इथे सही करा’ म्हणतात. करू नका. आदल्या दिवशी कॉपी मागा, घरी नेऊन वाचा, कॉपी द्यायलाच नाही म्हणत असतील तर तेवढ्यावरून काय ते समजा. वाचताना सगळ्यात आधी शोधायचं ते आपल्या सहीखाली काय छापलंय. ‘प्रतिनिधी’ म्हणून सही करणं वेगळं आणि ‘गॅरंटर’ म्हणून करणं वेगळं, गॅरंटर झालात की पेशंटचे पैसे संपल्यावर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. मग बघा डिपॉझिट कधी आणि किती कापून परत मिळणार, डायपर-फिजिओ-ड्रेसिंग फीमध्ये आहे की वेगळं, आणि कुठल्या कारणांनी, किती दिवसांची नोटीस देऊन ते पेशंटला काढू शकतात. ‘संस्थेला योग्य वाटतील ते सर्व उपाय करण्यास संमती’ अशा टाइपचं वाक्य असेल तर तिथे पेनने लिहा की बांधून ठेवणं आणि मनावर परिणाम करणारी औषधं यासाठी प्रत्येक वेळी वेगळी विचारणा व्हावी, आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. फॉर्म छापील आहे म्हणून त्यात बदल करता येत नाही असं काही नसतं.

आणि आई शुद्धीवर, समजून-उमजून बोलत असेल तर सही तिची. तिला चष्मा द्या, वाचून दाखवा, वेळ लागू द्या. याच काळात अजून एक काम उरकून घ्या, पुढे तिला निर्णय घेता आला नाही तर तिच्या वतीने कोण बोलणार याचा कागद. साधं पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी बऱ्याच ठिकाणी माणसाची समज गेली की निरुपयोगी होतं, म्हणजे नेमकं लागतं तेव्हाच चालत नाही, त्यामुळे वकिलाला स्पष्ट विचारा की समज गेल्यानंतरही चालेल असा कागद आपल्याकडे कुठला होतो. व्हेंटिलेटर, नळीतून अन्न, शेवटच्या काळात हॉस्पिटलला हलवायचं की नाही, याबद्दल तिचं म्हणणं तिच्याकडून लिहून घ्या, विषय काढायला जड जातं पण तिने त्याचा विचार मनात केव्हाच केलेला असतो.

कायदा प्रत्येक देशात वेगळा. अमेरिकेत १९८७ च्या नर्सिंग होम रिफॉर्म अ‍ॅक्टपासून रहिवाशांचे हक्क लेखी द्यावे लागतात, शिस्तीसाठी किंवा स्टाफच्या सोयीसाठी बांधून ठेवायला बंदी आहे आणि तक्रारीसाठी ओम्बुड्समन, म्हणजे रहिवाशांची बाजू मांडणारा माणूस, फुकट मिळतो. भारतात २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा आहे आणि १४५६७ ही एल्डरलाइन हेल्पलाइन आहे. तुम्ही असाल तिथे लायसन्स कोण देतं, तपासणी कोण करतं आणि तक्रार कुठे करायची, ही तीन नावं पहिल्याच आठवड्यात शोधून फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, भांडण झाल्यावर शोधायला बसू नका.

पहिल्या आठवड्यातलंच अजून एक. एक पानभर माहिती लिहून बेडजवळ आणि फाइलमध्ये लावा, त्यात आजार नकोत, ते फाइलमध्ये असतातच, माणूस लिहा. उजव्या कानाने ऐकू येतं, रात्री दिवा पूर्ण बंद केला की घाबरतात, अंघोळ संध्याकाळीच लागते, पुरुष अटेंडंटकडून कपडे बदलून घ्यायला संकोच वाटतो, काय नावाने हाक मारलेली आवडते. ‘ए आजी, चल उठ’ हे कितीही प्रेमाने म्हटलं तरी सगळ्यांना चालतं असं नाही, ज्या बाईंनी आयुष्यभर शाळा चालवली त्यांना अरे-तुरे टोचतंच, आणि त्या बोलून दाखवत नाहीत. कानाचं मशीन, कवळी आणि चष्मा यावर नाव घाला आणि फोटो काढून ठेवा, कारण हरवण्यात यांचाच पहिला नंबर असतो. मशीन हरवलं की माणसाला ऐकू येत नाही, ऐकू येत नाही म्हणून भलतंच उत्तर देतो आणि मग फाइलमध्ये ‘कन्फ्यूज्ड’ लिहिलं जातं, एकदा ते लिहिलं गेलं की त्याच्या बोलण्याला किंमत राहत नाही.

भेटायला जाल ते वेगवेगळ्या वेळी. रविवारी अकराला नियमाने गेलात तर रविवारी अकराला सगळं टिपटॉप दिसणार. जेवणाच्या वेळी जा, शिफ्ट बदलताना जा, सुट्टीच्या दिवशी रात्री आठला जा. गेल्यावर आधी गप्पा मारा, तपासणीला आल्यासारखं वागू नका, पण डोळे उघडे ठेवा. बेलची दोरी पलंगाच्या मागे अडकवलेली आहे का हाताशी? पाण्याचा ग्लास पोचेल असा आहे की खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर? ओठ कोरडे, जीभ पांढरी दिसतेय का? नखं? काल घातलेलाच शर्ट? जेवताना पाठ सरळ टेकवून बसवलंय की आडवंच ठेवून भरवतायत, कारण आडवं भरवलं तर घास श्वासनळीत जातो आणि न्यूमोनिया होऊ शकतो, जेवणानंतरही अर्धा तास तरी बसतं ठेवायला हवं.

जे स्वतः कुशी बदलू शकत नाहीत त्यांची चादर बाजूला करून टाचा बघाच. टाच, माकडहाड, कमरेची बाजूची हाडं, खांदे आणि डोक्याची मागची बाजू, या जागा. लालसर डाग दिसला तर बोटाने हलकं दाबून सोडा. पांढरं पडून परत लाल झालं तर ठीक, लक्ष ठेवा. दाबूनही लाल तसाच राहिला तर ते बेडसोरचं, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेचं, पहिलं पाऊल असतं, आणि सावळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही, तिथे हाताला गरम, कडक किंवा पिचपिचीत लागतं का ते बघा. त्याच मिनिटाला नर्सला बोलवा, दाखवा, फोटो काढा आणि कुशी बदलण्याचा चार्ट मागा. साधारण दर दोन तासांनी बदलायची पद्धत असते, चार्टवर बारा, दोन, चार, सहा अशा सगळ्या सह्या एकाच पेनाने एकाच दमात केलेल्या दिसल्या तर तेही कळतं. वजन दर महिन्याला विचारा. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के उतरलं तर ते ‘वयामुळे’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. पन्नास किलोच्या बाईचं महिन्यात अडीच किलो म्हणजे झालं की पाच टक्के.

आता औषधं, इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. औषधांचा चार्ट बघायचा हक्क पेशंटला असतो आणि पेशंटने अधिकार दिला असेल तर तुम्हाला. नवीन काही सुरू झालं तर तीन गोष्टी विचारा, कशासाठी, कोणी लिहिलं, कधी बंद करणार. एसओएस, म्हणजे गरज लागली तरच, म्हणून लिहिलेली झोपेची गोळी रोज रात्री साडेसातला दिली जात असेल तर ती एसओएस राहिली नाही. डिमेन्शियाच्या पेशंटला ‘फार ओरडतात’ म्हणून क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल असली मनावर परिणाम करणारी औषधं दिली जातात. यांच्यावर अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने, काहींवर २००५ मध्ये आणि उरलेल्यांवर २००८ मध्ये, डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो अशी सगळ्यात कडक वॉर्निंग लावलेली आहे. याचा अर्थ कधीच द्यायची नाहीत असा नाही, स्वतःहून बंद तर अजिबात करू नका, पण आधी ओरडण्याचं कारण शोधलं का हे विचारायचं. दुखत असेल, लघवी तुंबली असेल, पोट साफ झालं नसेल, युरिन इन्फेक्शन असेल. परवापर्यंत नीट बोलणारी आई आज एकदम भरकटली तर ते म्हातारपण नव्हे, ते डिलिरियम, म्हणजे आजारपणामुळे अचानक आलेला गोंधळ, असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो, त्याच दिवशी.

बांधून ठेवणं म्हणजे फक्त दोरी नाही. खुर्चीला पुढून लावलेला ट्रे जो स्वतःला काढता येत नाही, गादीखाली घट्ट खोचलेली चादर, हातात घातलेले मोजे, पलंगाच्या दोन्ही बाजूंचे कठडे, हे सगळं त्यातच येतं. ‘पडू नयेत म्हणून’ हे ठरलेलं उत्तर आहे, आणि पडायची भीती खोटी नसते, पण कठड्यावरून चढून उतरायला गेलेला माणूस जास्त उंचावरून पडतो आणि कठड्यांच्या फटीत अडकून माणसं दगावलेलीही आहेत. त्याऐवजी पलंग खाली घ्या म्हणा, रात्री ठराविक वेळी बाथरूमला न्या म्हणा (बरीच पडापड तिथे जायच्या घाईत होते), न घसरणारी चप्पल द्या, पायाशी बारीक दिवा ठेवा.

तक्रार करायची ती लिहून. तोंडी बोललेलं शिफ्ट संपली की हवेत जातं. फोनवर बोलणं झालं तर लगेच मेसेज टाका, ‘आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे उद्यापासून बाबांना सकाळी चालवणार आहात, धन्यवाद’, एवढं पुरतं. मोठी गोष्ट असेल तर अशी लिहा: ‘मंगळवारी रात्री आठ वाजता आईचा डायपर ओला होता. बेल वाजवल्यावर पन्नास मिनिटांनी अटेंडंट आल्या. पाठीवर लाल चट्टा आहे, फोटो जोडला आहे. डॉक्टरांना उद्या दाखवावं आणि रात्री डायपर कधी-कधी बघणार ते शुक्रवारपर्यंत लेखी कळवावं.’ यात ‘तुम्ही लोक निष्काळजी आहात’ हे कुठेच नाही बघा, ते लिहिलं की समोरचा स्वतःचा बचाव करायला लागतो आणि चट्टा राहतो बाजूला. आधी इन्चार्ज सिस्टर, मग मॅनेजर, मग मालक किंवा ट्रस्टी, मग लायसन्स देणारं ऑफिस. चांगलं काम करणाऱ्या मावशींचं नाव घेऊन कौतुकही लेखी कळवा, त्यांना बोलून दाखवणारं कोणी नसतं.

‘तक्रार केली तर आईवर राग काढतील’ ही भीती प्रत्येकाला असते. त्यावर उपाय म्हणजे तिच्याकडे जास्त माणसांचं येणं-जाणं, मावसबहीण, जुनी मैत्रीण, शेजारी, कोणीही, आणि बाकी पेशंटच्या घरच्यांशी ओळख. चार घरांनी मिळून सही केलेल्या पत्राचा राग एका आईवर काढता येत नाही. ‘मग घेऊन जा तुमच्या आईला’ असं कोणी तोंडी म्हटलं तर शांतपणे म्हणा, कारण आणि तारीख लेखी द्या. हॉस्पिटलला पाठवून मग ‘बेड दुसऱ्याला दिला’ म्हणणं हीसुद्धा बाहेर काढायचीच एक पद्धत आहे, म्हणून हॉस्पिटलला हलवतानाच बेड राखून ठेवल्याचं लिहून घ्या.

दंडाच्या आतल्या बाजूला बोटांसारखे वळ, कोणी एक जण खोलीत आला की अंग चोरणं, एकटं बोलूच न देणं, पासबुकातून न कळणारे पैसे जाणं, अचानक नवीन मृत्युपत्र, यात पायऱ्या वगैरे पाळत बसायचं नाही. फोटो, बाहेरचा डॉक्टर, पोलीस, या क्रमाने त्याच दिवशी. संस्थेची अंतर्गत चौकशी चालू दे तिची ती.

आता आपल्याबद्दल थोडं, कारण हक्कांवर पाय आपलाही पडतो. बाबांना न विचारता खोलीत कॅमेरा लावायचा नाही, तिथे त्यांचे कपडे बदलतात आणि शेजारच्या पलंगावर दुसरा माणूस असतो, त्याचीही परवानगी लागते, काही ठिकाणी कायद्यानेच. शुगर असून बाबांनी समजून-उमजून गोड खाल्लं तर तो त्यांचा निर्णय आहे, तिथल्या कोणाशी त्यांची गट्टी जमली तर तोही. आणि भावंडांपैकी एकानेच संस्थेशी बोलायचं हे ठरवा, नाहीतर एक म्हणतो फिजिओ वाढवा, दुसरी म्हणते त्रास देऊ नका आणि तिसरा परदेशातून व्हिडिओ कॉलवर नर्सला झापतो, मग संस्था तिघांतल्या सोयीच्या माणसाचं ऐकते.

एवढं करूनही जमत नसेल तर जागा बदला, पण आईला सांगून, नवीन जागा तिला दाखवून. निघायच्या आधी औषधांचा चार्ट, वजनाच्या नोंदी, जखमांच्या ड्रेसिंगच्या नोंदी यांच्या कॉपी हातात घ्या, निघताना तिच्या अंगावर काय खुणा आहेत ते दोन्हीकडच्या नर्सकडून लिहून घ्या, आणि डिपॉझिटचा हिशोब मेलवर मागा, तोंडी ‘पुढच्या महिन्यात बघू’वर निघू नका.