फोर्ड २८९ चं मागचं क्रँक सील बदलताना

साठच्या दशकातल्या मस्टँग गाडीच्या २८९ (घन इंच) इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला तेल अडवणारं नवं सील टाकूनही क्लच हाउसिंगखाली तेल ठिबकतं. बहुतेकदा गडबड सील निवडतानाच झालेली असते.

आधी क्रँकवर सीलच्या जागी नख फिरवा. तिरपे आटे खोल आणि धारदार लागले तर जुन्या पद्धतीचं दोरीचंच सील घ्या, रबरी सीलचा ओठ (क्रँकला टेकणारी पातळ कड) तिथे टिकत नाही. हलके असतील तर दोन तुकड्यांचं रबरी सील उत्तम.

१. सगळ्या मेन कॅप (क्रँकला खालून ब्लॉकशी धरून ठेवणारी झाकणं) थोड्या ढिल्या करा. क्रँक १/३२ इंचाहून जास्त खाली येऊ देऊ नका.
२. ओठ इंजिनाच्या पुढच्या बाजूला ठेवा, तेल लावा.
३. वरचा तुकडा सरकवताना ब्लॉकची कड त्याची पाठ तासते. तिथे प्लॅस्टिकच्या बाटलीची कापलेली पट्टी धरा. रबराची बारीकशी साल निघाली तरी तिथूनच गळती सुरू होते, म्हणून घाई अजिबात नको.
४. सीलचे सांधे कॅपच्या सांध्यावर नकोत. एक टोक ३/८ इंच बाहेर ठेवा.

सावध राहा: जुन्या सीलची दोरी अडकवणारी पिन मागच्या मेन कॅपच्या खाचेत असते. रबरी सील बसवण्याआधी ती काढा आणि भोक सिलिकॉनने बुजवा.